साडेचारशेच्या नादात

चहा आधी संपवून टाका. पुढचं ऐकताना ठसका लागला तर वहिनी मलाच बोलतील.

आता हे तुम्हाला कसं सांगावं, तेच समजत नाही. कारण ह्या घोळात दोष द्यायला कोणी सापडतच नाही हो! माणसं चांगली, गाडी चांगली, पेट्रोलसुद्धा चांगलं. बट्ट्याबोळ करायला मी एकटा पुरेसा पडलो.

तुम्हाला ठाऊक आहे, मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला. बॉयलरच्या चिमणीतल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते मोजायचं यंत्र असतं. ते सांभाळायचं हे माझं काम. ऑक्सिजन जास्त उरला तर समजायचं, जळण कमी पडतंय. उरलाच नाही तर जळण वाया चाललंय. थोडक्यात, दुसऱ्याच्या धुरावर माझं घर चालतं.

आणि स्वभाव? काळजीखोर. गॅस बंद केला की नाही, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारा. वंदना, म्हणजे माझी बायको, म्हणते की ज्या दिवशी ह्यांना काळजी करायला काही नसतं, त्या दिवशी ह्यांना त्याचीच काळजी लागते. खरं आहे. पण अशा माणसाने जिथे काळजी करायची नेमकी तिथे केली नाही, ह्याला काय म्हणाल?

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो आणि सासुरवाडी अंबरनाथ पूर्वेला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मूळचे साताऱ्याकडचे, जन्म गेला फॅक्टरीच्या तपासणी खात्यात. मापात नसलेली वस्तू दिसली की त्यांना जेवण जात नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली, कार्ब्युरेटरवाली. रोज सकाळी आंघोळ गाडीची आधी, मामांची नंतर. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला पटणार नाही. इथे मी तुमचं डोकं खातो, पण सासुरवाडीला ताटावर बसलो की माझ्या तोंडाला कुलूप. "घ्या की जावई." "नको." "अवो, घ्या." "बरं." एवढंच आमचं संभाषण. जावयाने कमी बोलावं असं माझ्या आईने लग्नाआधी सांगून ठेवलं होतं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

तर अशाच एका रविवारी, मटणाचा रस्सा, भाकरी, सगळीकडे शांतता. मामांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "जावई, आमची गाडी जरा जास्त पेट्रोल खाती का वो?"

झालं! माझा घास हातातच राहिला. सासऱ्याने पहिल्यांदाच आपल्या धंद्यातलं काहीतरी विचारलंय! "बघतो मी, मामा," असं बोललो आणि तो घास गिळला. तिथून पुढे जे काही झालं ते त्या घासाबरोबरच आत गेलं म्हणा ना.

त्यातून धाकटी मेव्हणी सुनीता हिचं लग्न ठरलेलं. मे महिन्यात, बदलापूरच्या हॉलवर. मामांची एकच इच्छा होती, आणि ती ते येईल त्या पाहुण्याला सांगत. "मोठीच्या लग्नात माझ्यापाशी गाडी न्हवती. भाड्याच्या गाडीतनं धाडली पोरीला. धाकटीला माझ्या गाडीतनं नेनार, मी चालवनार." मोठी म्हणजे माझीच बायको. हे ऐकताना ती हसायची, पण आत कुठेतरी तिला लागायचंच. म्हणून मी मनाशी ठरवलं, लग्नाच्या दिवशी ही गाडी अशी चालली पाहिजे की सगळ्यांनी बघत राहावं. सगळ्यांनी बघितलं, हे आधीच सांगून ठेवतो.

दुसऱ्याच दिवशी ड्युटी सुटल्यावर उल्हासनगर कॅम्प दोन गाठला. तिथे गाडीचा कुठलाही अवयव मिळतो. दुकान एवढंसं, शेठ अर्धा आत आणि अर्धा फुटपाथवर.

"ऑक्सिजन सेन्सर है?"

"कौन सी गाडी का, साईं?"

"पुरानी है. कार्ब्युरेटरवाली."

"उसमें तो आता ही नहीं."

"नहीं आता, इसलिए तो लगाना है."

शेठने माझ्याकडे थोडं आदराने आणि थोडं काळजीने बघितलं. मग दोन सेन्सर काउंटरवर ठेवले. "ये एक वायर का, ये चार वायर का. चारवाला अच्छा आता है."

मला हसूच आलं. ऑक्सिजन सांगणारा सिग्नल एक, मग चार वायरी कशाला? गिऱ्हाईक अडाणी समजतो काय हा? "एक वायरवाला दो," मी म्हणालो.

"जैसा आप बोलो साईं. बाद में वापस नहीं होगा."

त्या चार वायरी तेवढ्या लक्षात ठेवा. मी ठेवल्या नाहीत.

हा सेन्सर दिसायला स्पार्क प्लगचा चुलत भाऊ. गाडीच्या धुराच्या पायपाला भोक पाडून बसवायचा. धुरात ऑक्सिजन किती उरला, त्याप्रमाणे तो इवलीशी वीज सोडतो, ती मल्टिमीटरवर मोजायची. आकडा साडेचारशे आला की पेट्रोल आणि हवेचं प्रमाण अगदी मापात. त्याच्या खूप खाली आला तर पेट्रोल कमी, खूप वर गेला तर पेट्रोल जास्त. बघा, किती सोपं आहे! पाचवीतल्या पोराला जमेल.

प्रश्न एवढाच होता की तो पायपावर बसवायचा कुठे?

क्षणभर वाटलं, सायबर कॅफेत बसून जरा शोधावं. पण मग म्हटलं, मी कोण? चिमणीच्या धुरात ज्याची नोकरी काळी झाली तो माणूस मी! आमचा नियम ठरलेला. आगीजवळ नमुना घ्यायचा नाही. वळणं संपली की चिमणीच्या रुंदीच्या आठपट अंतर सोडायचं, धूर शांत होऊ द्यायचा, मग मोजायचं. गाडीचा पाईप म्हणजे आडवी चिमणीच की! शिवाय पीयूसीवाला नळी कुठे घालतो? शेपटीलाच ना? झाले दोन पुरावे.

मी गाडीखाली पाठीवर झोपून टेपने आठपट मोजत होतो, मामा टॉर्च धरून उकिडवे बसले होते.

"जावई, इंजिनापासनं लईच लांब चाललंय न्हवं?"

"धूर शांत झाला पाहिजे, मामा."

"हां, हां. शांत पायजे," मामा म्हणाले. माप लावून केलेलं काम त्यांना पटतंच.

विठ्ठलवाडीच्या वेल्डरने विचारलं, "किधर मारूं छेद?"

"पीछे. सायलेन्सर के बाद."

"एकदम पीछे?"

"एकदम."

"आप बोलो तो नंबर प्लेट पे मारता हूं," असं म्हणून त्याने चष्मा लावला. मी इतक्या खात्रीने बोलत होतो की कोणी मला अडवलंच नाही हो. निदान भांडायला तरी हवं होतं कोणीतरी.

डॅशबोर्डवर मामांची बुद्धाची छोटी मूर्ती होती. तिच्या शेजारी मी रबरबँडने मल्टिमीटर बांधला. मामांनी चावी फिरवली, गाडी झकास सुरू झाली आणि आम्ही दोघं आकड्याकडे टक लावून बसलो.

"चाळीस," मी म्हणालो.

"कमी हाय का?"

"फारच कमी. मामा, गाडीला पेट्रोल पुरत नाहीये. उपाशी आहे ती."

मामांचा चेहरा उतरला. "म्या हिला उपाशी ठिवली? इतकी वर्सं?" त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. पाणीच आलं त्यांच्या डोळ्यांत.

जास्त खाते म्हणून तपासायला घेतलेली गाडी उपाशी निघाली, ह्यात काहीतरी गडबड आहे हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आकडा समोर असला की अक्कल रजेवर जाते.

मग सुरू झालं पाजणं. आधी कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भांड्याचा, स्क्रू थोडा सैल केला. आकडा पन्नास. अजून सैल केला. पंचावन्न. मग स्क्रूने भागेना म्हणून आतला जेट मोठा टाकला, म्हणजे पेट्रोल यायचं भोकच मोठं केलं. साठ! मामांनी पेढे आणले.

मामांना त्या आकड्याचा नाद लागला. सकाळी गाडी बाहेर काढली की आकडा बघायचे आणि थेट माझ्या कंपनीत फोन करायचे. ऑपरेटरने मला जोडून दिला की पलीकडून फक्त "बासष्ट!" आणि खट्‌कन फोन बंद. दुसऱ्या दिवशी "अठ्ठावन!" खट्. शेवटी एक दिवस साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही मटका खेळता का?"

"नाही साहेब! सासरे आहेत ते."

"सासऱ्यांबरोबर खेळता?"

कसं समजावणार, सांगा. तो विषय कसाबसा मिटवला आणि मामांना सांगितलं, आकडा संध्याकाळी मी घरी आलो की सांगत जा.

इकडे गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली होती. सुरू केली की मागून काळा धूर. पेट्रोलचा वास जिन्यातून वर दुसऱ्या मजल्यापर्यंत. शेजारच्या काकूंनी दोरीवरचे कपडे दुसऱ्या बाजूला हलवले. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "जावई, लगीन जवळ आलंय. हिला काय झालंय?"

"जुनी घाण बाहेर पडतेय, मामी," मी सांगितलं. "पोट साफ झाल्यासारखं समजा."

मामींनी गाडीकडे बघितलं आणि पदर नाकाला लावून आत गेल्या.

मग पीयूसी. नळी घातली, मशीनचा आकडा भराभर वर गेला. तो माणूस म्हणाला, "साहब, पेट्रोल बहुत ज्यादा जल रहा है. फेल है."

फेल? अहो, माझा मीटर सांगतोय की पेट्रोल कमी पडतंय! मी ताठ झालो. "तुमचं मशीन कॅलिब्रेट कधी केलं होतं? प्रोब कोणत्या कंपनीचा? गॅस सिलिंडरचं सर्टिफिकेट दाखवा." असे प्रश्न मी त्याच्यावर झाडले. बिचाऱ्याने एवढंच म्हटलं, "गाडी आगे लो साहब, पीछे लाईन है."

मी गाडी पुढे घेतली, पण ते 'फेल' काही डोक्यातून जाईना. दोन यंत्रं, दोन उलट उत्तरं. कोणतं तरी एक खोटं. रोज ठरवायचं की आज मामांना सांगू, हे सगळं काढून टाकू, गाडी होती तशी करू. आणि रोज मामा विहारात चार लोकांना सांगताना सापडायचे, "आमच्या जावयानं गाडीला काम्प्युटर बसीवलाय." लोक माझ्याकडे वळून बघायचे. आता ह्या कौतुकातून खाली कसं उतरायचं? मला जेवण जाईना. लग्न सुनीताचं आणि वजन माझं घटायला लागलं.

लग्नाचा दिवस उजाडला. आमच्यात मुहूर्ताची भानगड नसते, पण लग्न लावणारे बौद्धाचार्य एक आणि त्या दिवशी लग्नं भरपूर. त्यांनी बजावून ठेवलेलं, बाराला सुरू केलं नाहीत तर मी पुढच्या हॉलला निघालो. आमच्याकडे नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, आणि मामांच्या हुकुमाने अख्खं घरदारही पांढऱ्यात. मामांचा पांढरा सफारी, मामींचं पांढरं लुगडं, वंदनाची पांढरी साडी. आणि मला नवा शिवलेला पांढराशुभ्र झब्बा, कडक इस्त्रीचा. वंदना म्हणाली, "आज तरी गाडीखाली शिरू नका, हात जोडते."

गाडीला मोगऱ्याच्या माळा लावलेल्या. मामा चालवायला, शेजारी मी, मागे नवरी, मामी आणि वंदना. पाठीमागून वऱ्हाडाचा टेम्पो. मामांनी मूर्तीला हात जोडले, मग मल्टिमीटरकडे बघितलं, चावी फिरवली आणि खोकत खोकत गाडी निघाली.

मामा काय खूश होते म्हणून सांगू! ताठ बसलेले, आरशातून दर थोड्या वेळाने लेकीला बघतायत. मी मात्र आकडा बघत होतो. बदलापूरच्या रस्त्याला लागलो आणि आकडा खाली यायला लागला. पन्नास. चाळीस.

"जावई, तीस आलं!" मामा ओरडले. "पोरीच्या लग्नादिवशी तीस! आता वो?"

"पेट्रोल कमी पडतंय, मामा."

"चोक वढू का?"

चोक म्हणजे थंडीत गाडी सुरू होत नसली की तिला जास्तीचं पेट्रोल पाजायची दांडी. मे महिना, ऊन असं की डांबर चिकटतंय. आणि मी, इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटचा सीनियर माणूस, काय म्हणालो असेन?

"ओढा!"

मामांनी ओढला. गाडी ढेकर दिल्यासारखी हलली, दोन-तीन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

मागून सुनीताचा आवाज आला, "दाजी, काय झालं?" वंदनाने माझ्या नव्या झब्ब्याकडे बघितलं.

बॉनेट उघडलं. पेट्रोलचा भपकारा आला. प्लग काढून बघतो तर सगळे काजळीने माखलेले. मग शंका आली की मागची वायर तर सुटली नाही? धावत मागे गेलो, हात भाजू नये म्हणून बोटांना रुमाल गुंडाळला आणि वाकलो. रुमाल नेमका तिथेच घसरला आणि उघडी बोटं सेन्सरवर टेकली.

मी ओरडायला तोंड उघडलं. पण ओरडायचं कशाला? काही भाजलंच नव्हतं! इतकी चालून आलेली गाडी, भर उन्हाळा, आणि सेन्सर आपला कोमट. अहो, मुठीत धरून बसलो मी त्याला.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. कंपनीतला आमचा चिमणीचा प्रोब, म्हणजे धुरात घालायची मोजायची दांडी, थंड चिमणीत चालतो, कारण त्याच्या पोटात हीटर असतो. हा ऑक्सिजनवाला प्राणी सणसणीत तापल्याशिवाय बोलतच नाही. दरवर्षी तो हीटर कोण बदलतं? मी! माझ्या ह्या हातांनी! शेठच्या त्या चारांतल्या जास्तीच्या वायरी कशाच्या होत्या? हीटरच्या! आणि माझा एक वायरवाला, बिनहीटरचा, पार शेपटीला, बाहेरची हवा खात निवांत बसलेला. तो इंजिनाजवळ हवा होता, जिथे पाईप लाल व्हायला येतो. इतके दिवस त्याने मला पेट्रोलचं काही सांगितलंच नव्हतं. तो झोपला होता, आणि त्याच्या झोपेचे आकडे ऐकून मी चांगल्या गाडीला पेट्रोलने आंघोळ घातली होती.

"काय झालं जावई?" मामा मागे आले होते.

सांगा बरं, तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी म्हणालो, "वायर सैल होती, मामा."

स्क्रू भराभरा आवळला, चोक आत ढकलला, प्लग रुमालाने पुसून बसवले. पण बॅटरी तोवर दमली होती. एव्हाना टेम्पोतली मंडळी उतरली होती. सुनीताचे मोठे काका घड्याळ बघून म्हणाले, "आता टाइम लावू नका. नवरीला टेम्पोत बसवा, चला."

मी मामांकडे बघितलं. त्यांनी काही वाद घातला नाही. फक्त चावी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाले, "बसवा." मग हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं बोलले, "दुसरीबी भाड्याच्या गाडीतनं."

मला इतकी लाज वाटली की रडू येईलसं झालं. मोठीची रुखरुख आधीच होती, आणि आता धाकटीचीही मी लावणार होतो, एका दीडशहाण्या नियमापायी. "नाही काका," मी म्हणालो. माझा आवाज एवढा चढलेला सासुरवाडीने पहिल्यांदाच ऐकला. "नवरी उतरणार नाही. ढकला!"

सगळे पांढरे कपडे गाडीच्या मागे गोळा व्हायला लागले. आणि मला कळलं की पायपात काय भरलंय! न जळलेलं पेट्रोल आणि इतक्या दिवसांची काजळी. ती कोणावर उडणार?

"मागे कोणी नको!" मी ओरडलो. "कडेने धरा! दारापाशी! मागे मी एकटा!"

"का वो?" काकांनी विचारलं.

"तिथे टेक्निकल आहे!"

काका आदराने बाजूला सरकले, मामा स्टिअरिंगला बसले. मी पायपाच्या बरोब्बर मागे उभा राहिलो, डिकीला दोन्ही हात लावले. गाडी हलली, पळायला लागली, मामांनी क्लच सोडला, आणि...

धडाम्‌!

पायपातून आधी जाळ आला की काजळी, ते मला सांगता येणार नाही, कारण तोवर मला दिसायचं बंद झालं होतं. कानात शिट्टी वाजत होती. तोंडात राखेची चव. टेम्पोजवळच्या बायका "अगं बाई!" म्हणून किंचाळल्या. आणि त्या सगळ्या गोंधळातून, पुढच्या खिडकीतून हात बाहेर काढून, आनंदाने फुटलेल्या आवाजात मामा ओरडत होते,

"जावई! नऊशे! नऊशे आलं!"

बरोबरच होतं हो ते. पायपात पेट्रोल पेटलं, सेन्सर पहिल्यांदा तापला आणि जागा होऊन खरं बोलला. पेट्रोल उतू चाललंय, असं सांगत होता बिचारा. पण मामांना साडेचारशे हवे होते, आणि हे तर दुप्पट मिळाले!

"थांबू नका मामा! जा तुम्ही!" मी खोकत ओरडलो. ते गेले. भुरभुर धूर काढत, मोगऱ्याच्या माळा उडवत, लेकीला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले. मी टेम्पोत चढलो. दाटीवाटीने बसलेल्या बायकांनी माझ्यासाठी एवढी जागा केली की आडवं पडता आलं असतं.

हॉलच्या दारात मुलाकडचे एक गृहस्थ गुलाबपाणी शिंपडत उभे होते. प्रत्येकाला "जयभीम, या, या." माझ्यापाशी आले आणि हात थांबला. "गॅरेजवाले ना? जेवण मागच्या बाजूला आहे."

वंदना पुढे होती. तिने क्षणभर विचार केला, मी बघितलं ना! मग म्हणाली, "माझे मिस्टर आहेत."

लग्न वेळेवर लागलं. अख्खा हॉल पांढरा आणि पहिल्या रांगेत मी. बौद्धाचार्यांनी सगळ्यांना उभं करून पंचशील म्हणायला लावलं. पहिली तीन मी खणखणीत म्हणालो. चौथं आलं. खोटं बोलणार नाही, हे ते शील. शेजारी मामा डोळे मिटून, हात जोडून मनापासून म्हणतायत, आणि माझ्या घशात ते "वायर सैल होती" अडकलेलं. मी नुसते ओठ हलवले. बौद्धाचार्य नेमके माझ्याकडेच बघत होते. अर्थात, सगळेच माझ्याकडे बघत होते.

जेवणं उरकल्यावर मामांना खुर्च्यांच्या मागे गाठलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. "मामा, वायर सैल नव्हती. सेन्सर चुकीच्या जागी बसवला मी. इंजिनाजवळ पाहिजे होता. गाडी उपाशी नव्हतीच, मीच तिला फुकट पाजत बसलो. पीयूसीवाला खरा होता. चूक सगळी माझी."

मला वाटलं, आता आयुष्यभराचं नातं संपलं. मग मामांनी खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढला आणि माझं नाक पुसलं.

"आसू द्या वो. पोरगी माझ्या गाडीतनं आली न्हवं?"

"आली."

"मग झालं तर." काळ्या झालेल्या रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "पर जावई, येवडं सगळं केलं कशापायी? गाडी तर चांगलीच चालत व्हती."

"असं काय करता मामा! तुम्हीच नाही का विचारलंत, जास्त पेट्रोल खाते का म्हणून?"

मामा ओशाळले. इकडे-तिकडे बघितलं. "त्ये व्हय? आवो, त्ये आपलं उगी. तुम्ही जेवताना कायच बोलत नाय. मामी म्हनाली, जावयाशी चार शब्द बोला, त्यास्नी परकं वाटत आसंल. मला काय सुचंना, म्हनून गाडीचं काढलं."

म्हणजे लक्षात आलं का तुमच्या? मी दोन वाक्यं बोललो असतो, आज ऊन फार आहे किंवा रस्सा छान झालाय, तर हे काहीच झालं नसतं!

तेव्हापासून सासुरवाडीला ताटावर बसलो की मी बोलत सुटतो. पाऊस, क्रिकेट, बदलापूरच्या जागांचे भाव, जे सुचेल ते. मामांना तोंड उघडायला फटच ठेवत नाही. वंदना टेबलाखालून पाय मारते, तरी थांबत नाही. परवा मात्र घात झाला. पुरणपोळीचा घास मोठा झाला, म्हणून मी नुसता पाणी प्यायला थांबलो. तेवढ्यात मामांनी घसा खाकरला.

"जावई," ते म्हणाले, "आमचा फ्रीज जरा जास्त आवाज करतो का वो?"